दापोलीकडच्या एका आरोग्य संस्थेची घरपोच सेवा: दुसऱ्या पावसाळ्यानंतरचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकते. घरात साखरेचं किंवा रक्तदाबाचं म्हातारं माणूस असेल आणि दापोली गाठायला अर्धा दिवस मोडत असेल, तर अशा संस्थेत नाव जरूर घाला. फक्त नाव घालताना डॉक्टर कोण आहेत याच्या आधी नोंदी कुठे ठेवता ते विचारा. आमच्याकडे दोन पावसाळ्यांत डॉक्टर बदलले, सिस्टर गेली, फिजिओथेरपी बंद पडली, नवे उपक्रम आले, आणि एवढं होऊनही सासूबाईंची साखर आज पहिल्यापेक्षा बरी आहे.

संस्थेचं नाव टाकत नाही. पुढे तक्रारी आहेत, आणि तिथली माणसं किती थोडक्या पगारात राबतात तेही मी बघितलंय.

आमचं घर किनाऱ्याकडच्या वाडीत, रस्त्यापासून पाखाडी उतरून खाली. मिस्टर डोंबिवलीला, गणपतीत आणि शिमग्याला येतात. घरात मी आणि ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई. दापोलीत उपजिल्हा रुग्णालय आहे, पण एसटीच्या वेळा धरून जायचं, रांग लावायची, रक्त द्यायचं, रिपोर्टसाठी परत जायचं, हे त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही. त्याहून मोठं काही निघालं तर चिपळूण किंवा डेरवण. वाडीतली निम्मी घरं अशीच म्हातारी-म्हाताऱ्यांची आहेत, त्यामुळे संस्थेची गाडी पहिल्यांदा आली तेव्हा समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती.

मिळतं काय, ते थोडक्यात: महिन्यातून एकदा परिचारिका घरी येते, ठरलेल्या दिवशी फिरता दवाखाना समाजमंदिराशी लागतो, संस्थेच्या केंद्रात रक्ताच्या तपासण्या होतात, आणि तिथेच सरकारी कागदपत्रांसाठी एक खिडकी आहे. वर्षाचं शुल्क दापोलीला रिक्षाने एकदा जाऊन यायला पडतं त्यापेक्षा कमी. गोळ्या बहुतेक प्राथमिक आरोग्य केंद्रातूनच फुकट आणायच्या असतात, ही मंडळी त्या लागू पडतायत का यावर लक्ष ठेवतात. नाव घातलं म्हणून सरकारी दवाखाना सुटत नाही. आमची आशाताई तर म्हणते, यांच्यामुळे माझं काम वाढलं, आधी लोक तपासायलाच येत नव्हते.

पहिली सिस्टर शेजारच्याच गावातली. तिने पहिल्याच भेटीत जे केलं ते आम्हाला कुठल्या दवाखान्यात कुणी केलं नव्हतं. सासूबाईंना डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनची एक बारीक तार तळपायाला ठिकठिकाणी टेकवत गेली. दहा ग्रॅम दाब पडला की ती तार वाकते. डाव्या अंगठ्याखाली आणि चवड्याला त्यांना काही कळतच नव्हतं. म्हणजे खळ्यात काटा रुतला तरी समजणार नाही, जखम चिघळेल तेव्हा वासाने कळेल. जन्मभर अनवाणी वावरलेल्या बाईला अंगणात चप्पल घालायला लावणं सोपं नव्हतं. "खळ्यात काय चपला घालून फिरू?" यावर बरेच दिवस रुसवा चालला. सिस्टरने वाद घातला नाही. एक छोटा आरसा आणून दिला आणि रोज रात्री तळवे बघायला सांगितलं. चप्पल मग आपोआप आली.

इन्सुलिनचंही तसंच. न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांत लागतात, वापरातली साधारण चार आठवडे बाहेर चालते, पण उन्हाळ्यात आमच्या पडवीत ३० अंशांच्या वरच असतं. आणि वीज? ३ जून २०२० चं निसर्ग वादळ ज्यांनी इकडे काढलंय त्यांना सांगायला नको. दापोली-मंडणगडात कित्येक गावांना आठवडे न् आठवडे लाइट नव्हती. सिस्टरने सांगितलेला उपाय: मोठ्या मडक्यात लहान मडकं, मध्ये ओली वाळू, आत घट्ट झाकणाच्या डब्यात बाटली, वर ओलं फडकं. बर्फाला बाटली टेकवायची नाही, गोठलेलं इन्सुलिन फुकट जातं. मे महिन्यात आमचं हे मडकं कायम भरलेलं असतं. भर पावसात मात्र त्याचा फारसा उपयोग नाही, हवेतच पाणी असतं तर वाळूतलं सुकणार कसं!

आता खरा विषय. संस्था दर तीन महिन्यांनी एक वार्तापत्र काढते. त्यात कोण रुजू झालं, कोण गेलं, कुठला प्रकल्प सुरू झाला, कुणी देणगी दिली, असं सगळं असतं. शाल-श्रीफळाचे फोटो भरपूर. मी ते आधी उघडतही नसे. मग एका अंकात आतल्या पानावर चार ओळी दिसल्या: आमची सिस्टर सरकारी नोकरीत निवड झाल्याने संस्थेतून बाहेर पडतेय, तिला शुभेच्छा. त्याच पानावर खाली, फिजिओथेरपीचा प्रकल्प मुदत संपल्याने थांबवतोय. ज्या वाडीत आठवड्याला बायका गुडघ्यांच्या व्यायामाला जमत होत्या, तिथे ही बातमी एका ओळीत, तीही पीडीएफमध्ये! ज्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे त्या पुढच्या आठवड्यात समाजमंदिराच्या पायरीवर बसून राहिल्या. दुपारी कुणीतरी येऊन सांगितलं तेव्हा घरी गेल्या. संस्थेवरची माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच. उपक्रम बंद होऊ शकतो, पण तो बंद झाल्याचा निरोप आशाताईकडून, पोलीस पाटलाकडून, निदान दुकानातल्या फळ्यावर तरी यायला हवा. मी हे केंद्रात जाऊन बोलले. आता दुकानात कागद लागतो. कधी वेळेवर, कधी दोन दिवस उशिरा.

प्रकल्प असे मध्येच का थांबतात हे मला तेव्हाच कळलं. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे ठराविक आकारापुढच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्यातून संस्थेला पैसे येतात. पण चालू प्रकल्पाची मुदत नियमानेच सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंत. पुढे कंपनीला वेगळं काहीतरी करायचं असतं, आणि मशीन, गाडी, इमारत यांना पैसे देणं जेवढं आवडतं तेवढं फिजिओच्या पगाराला देणं आवडत नाही. गाडीवर नाव रंगवता येतं, पगारावर कुठे रंगवणार? म्हणून नवी गाडी आली त्याच वर्षी फिजिओ गेला. यात संस्थेचा दोष किती आणि आपल्या व्यवस्थेचा किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. कमरेला पट्टा बांधूनही आमच्या शेजारणीची कंबर मात्र अजून दुखते, कारण व्यायाम सुटला आणि पट्टा राहिला.

सिस्टरच्या जागी आला तो ब्रदर. पुरुष परिचारक, आणि लातूरकडचा. वाडीत आधी कुजबुज, मग सरळ नकार. सासूबाईंनी पहिल्या भेटीत पाय दाखवायला ठाम नाही म्हटलं. त्याची बोली यांना कळेना, यांची त्याला. तो माळ्यावरची बॅग म्हणाला तर या माडावर बघायला लागल्या! मला वाटलं, संपलं, आता पुन्हा दापोलीच्या रांगेत.

वाचवलं वहीने. संस्थेची पद्धत अशी की प्रत्येक रुग्णाची जाड पुठ्ठ्याची वही रुग्णाच्याच घरी राहते. तारीख, रक्तदाब, साखर, पायाची स्थिती, चालू गोळ्या, आणि गोळ्यांची नावं कंपनीची नाहीत तर आतल्या औषधाची लिहायची असा नियम. जाण्याआधी सिस्टरने शेवटच्या पानावर ब्रदरसाठी लिहून ठेवलं होतं: रक्तदाबाचा पट्टा कुठल्या हाताला बांधायचा, दुपारी जेवायला उशीर झाला की साखर उतरते, लाजतात म्हणून सुनेला शेजारी बसवा. ब्रदरने ते वाचलं, मला बसवलं, पाय मी धरले, तार त्याने टेकवली. तिसऱ्या भेटीला सासूबाईंनी त्याला कोकम सरबत दिलं. आता तो उशिरा आला की विचारणं सुरू होतं, "लातूरवाला खंय अडकलो गो?" त्या माहेरच्या मालवणकडच्या, म्हणून ही भाषा.

वहीचा मोठा उपयोग पुढे झाला. सासूबाईंना मध्ये एका खाजगी दवाखान्यात दाखवलं होतं. तिथून नव्या गोळ्या आल्या, जुन्या चालूच होत्या. काही दिवसांत सकाळी उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. वय झालं, असं सगळे म्हणाले. ब्रदरने आधी बसवून रक्तदाब घेतला, मग उभं करून पुन्हा. बसून ठीक, उभं राहिल्यावर वरचा आकडा २० पेक्षा जास्त खाली. मग वही आणि नवी पाकिटं शेजारी ठेवून वाचलं: दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या, दोन्हींत टेल्मिसार्टनच, म्हणजे रक्तदाब उतरवणारं एकच औषध. त्याने स्वतःच्या मनाने काही बंद केलं नाही, तिथूनच संस्थेच्या डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांनी एक थांबवायला सांगितली. अंधारी गेली. ऐंशीच्या बाईचं पाखाडीवर पडून खुब्याचं हाड मोडलं असतं तर पुढचं सगळं सांगायला नकोच.

नव्या डॉक्टरबाईंबद्दल माझं मत मिश्र आहे. तपासतात नीट, पण घाई फार, आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट बघून "कंट्रोल नाही" एवढंच म्हणतात. आधीचे डॉक्टर तांदळाची भाकरी किती, आंब्याच्या दिवसांत काय, असं विचारत. कोकणात मे महिन्यात आंबा खाऊ नका म्हणणं म्हणजे शिमग्याला पालखीकडे बघू नका म्हणण्यासारखं. त्यांनी अर्धा हापूस जेवणाऐवजी नव्हे, पण भाताचा वाटा कमी करून, अशी तडजोड काढून दिली होती आणि ती वहीत लिहिलेली आहे. आम्ही तीच चालवतो.

कागदपत्रांच्या खिडकीकडून मी काहीच अपेक्षा केली नव्हती, आणि तिथेच सगळ्यात जास्त फायदा झाला. सासरे पोस्टात होते, सासूबाईंना कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा, आणि जन्मभर भात लावून, काजू सोलून अंगठ्याच्या रेघा पुसून गेलेल्या, मशीन घेतच नाही. खिडकीवरच्या ताईने मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या दाखला केला. शिवाय ८० वर्षांपुढच्यांना नोव्हेंबरची वाट बघावी लागत नाही, १ ऑक्टोबरपासून देता येतो, हेही तिनेच सांगितलं. ७० वर्षांपुढच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालं, त्याला उत्पन्नाची अट नाही, आधार पुरतं, ५ लाखांपर्यंतचे उपचार. वाडीतल्या बऱ्याच जणांची कार्डं एका दुपारी झाली. शेजारच्या काकूंचं श्रावणबाळचं महिन्याचं दीड हजाराचं मानधन अडकलं होतं ते बँक खातं आधारला जोडलेलं नव्हतं म्हणून. तेही सुटलं.

पावसाळ्याचा उपक्रम ठीक. लावणीच्या दिवसांत चिखलात उतरणाऱ्यांना लेप्टोची (उंदरांच्या मुतातून पाण्या-चिखलात येणाऱ्या तापाची) माहिती, पायाच्या भेगा-जखमा झाका, ताप आणि पोटऱ्या दुखल्या तर त्याच दिवशी या. सर्पदंशावरही तरुण पोरांची एक बैठक झाली. आमच्याकडे फुरसं फार, आणि चावल्यावर आधी देवर्षीकडे नेण्याची खोड अजून गेलेली नाही. आवळपट्टी बांधू नका, चिरू नका, हलवू नका, १०८ लावा, एवढं जरी पोरांच्या डोक्यात राहिलं तरी पुष्कळ. दोन्हींचं पत्रक मात्र पुण्याच्या भाषेत आणि इतक्या बारीक अक्षरांत होतं की त्याच्या पुड्या बांधून झाल्या.

नाव घालायचं असेल तर: रेशनकार्ड, आधार आणि चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं घेऊन जा, चिठ्ठ्यांपेक्षा पाकिटं उपयोगी पडतात. बाजाराच्या दिवशी केंद्रात गर्दी असते, तो टाळा. फिरत्या दवाखान्याची वेळ आदल्या दिवशी फोनवर विचारा, काजूच्या हंगामात आणि गणपतीच्या आठवड्यात ती हमखास बदलते. वही घरी ठेवू द्या म्हणून हट्ट धरा आणि मुंबईहून कुणी येऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं तर ती बरोबर द्या. फिजिओथेरपी परत येणार असं वार्तापत्राच्या ताज्या अंकात छापलंय. आली तर इथेच खाली लिहीन.