वंशावळीची फ्रेम : काम चांगलं, पण मजकूर स्वतः तपासून घ्या (5 पैकी 3 स्टार)

आमच्या अप्पांना यंदा 75 पूर्ण झाली म्हणून घराण्याची वंशावळ फ्रेम करून द्यायचं आम्ही भावंडांनी ठरवलं. सोलापुरात नव्या पेठेच्या बाजूला असल्या फ्रेमा करणारं एक दुकान आहे, नाव लिहीत नाही कारण शेवटी त्यांनी दुरुस्त करून दिलंय. साइज 18 बाय 24 इंच, सागवानी चौकट, 2200 रुपये, निम्मे आधी. माहिती व्हॉट्सॲपवर पाठवायची, ते डिझाइन पाठवतात, आपण ओके म्हणलं की प्रिंट.

चार दिवसांनी डिझाइन आलं आणि बघून वाईटच वाटलं. वर दोन सिंह ढाल धरून उभे, ढालीवर मुकुट, खाली सोनेरी अक्षरात "श्रीमंत सरदार राजे चौगुले घराणे", आणि पणजोबांपासून सगळ्यांच्या नावापुढं राजे. आम्ही पाठवलेल्या माहितीत यातला एक शब्द नव्हता.

आता मी यावर एवढं का लिहितोय ते सांगतो. ते सिंह आणि ढालीचं चित्र युरोपातलं आहे. तिकडं 12व्या शतकापासून ढालीवर खुणा रंगवायची पद्धत पडली, चिलखत शिरस्त्राण घातल्यावर माणूस ओळखू येणार कसा, म्हणून ढाल बघायची. नंतर ती खूण बापाकडून मुलाकडं जायला लागली, इंग्लंडात तर 1484 मध्ये राजाच्या सनदेनं त्याचं वेगळं खातंच निघालं. ड्यूक, अर्ल, बॅरन या पायऱ्या तिथल्या, आणि इंग्लंडात पहिला ड्यूक केला तो 1337 मध्ये राजाच्याच मुलाला. मोहोळ तालुक्यातल्या आमच्या गावचा त्याच्याशी काय संबंध?

बरं राजे म्हणाल तर तो आपल्याकडचा किताब, पण तोसुद्धा कुणीतरी द्यायला लागायचा. बादशहा नाहीतर सुलतान किताब द्यायचा, सोबत मानाचा पोशाख, कधी हत्ती, कधी जहागीर, आणि बदल्यात घोडेस्वार घेऊन चाकरी. मुघलांकडं तर दर्जा, म्हणजे मनसब, आकड्यात मोजायचे, 1665 च्या पुरंदरच्या तहात संभाजीराजांना पाच हजारी मनसब ठरली ती त्यातलीच. आणि किताबाचं वजन बघायचं तर आपला सोलापूरचा भुईकोट किल्लाच बघा ना. ज्या आदिलशाही आणि निजामशाहीनं या किल्ल्यासाठी वर्षानुवर्षं भांडणं केली, लग्नात हुंडा म्हणून सोलापूर द्यायचं कबूल करून पुन्हा त्यावरून लढाया केल्या, त्या दोन्ही शाह्यांची नावं मुळात बहमनी दरबारातले किताब आहेत. विजापूरचा युसूफ हा आदिलखान, नगरच्या घराण्याचा किताब निजाम-उल-मुल्क. गोवळकोंड्याचा कुत्ब-उल-मुल्क, त्याची कुतुबशाही. असला शब्द टेम्प्लेटमधनं उचलून कुणाच्याही नावापुढं कसा लावायचा?

आमचं घराणं चौगुल्याचं. परगण्याला देशमुख देशपांडे, गावाला पाटील कुलकर्णी, आणि पाटलाच्या हाताखाली चौगुला. वसुलीला मदत, गावकीच्या कामाला मदत. ही नुसती पदवी नाही, ते वतन होतं, काम पिढ्यान्पिढ्या करायचं आणि त्याबद्दल इनाम जमीन, हक्क, शिवाय मान. मान म्हणजे पोळ्याला कुणाचा बैल पुढं, होळीची पोळी पहिली कुणाची, विडा आधी कुणाला. यावरून एवढी भांडणं व्हायची की गोतसभा, म्हणजे गावच्या वतनदारांची न्यायसभा, बसायची, साक्षी व्हायच्या, महजर म्हणजे निवाड्याचा कागद लिहून द्यायचे, आणि कुणी अर्धी पाटीलकी विकली तर कुठला मान कुणाकडं तेही कागदात लिहायचे. सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत सात नंदीध्वज, म्हणजे देवाच्या उंच काठ्या, कुठल्या क्रमानं निघतात आणि पहिल्याचा मान हिरेहब्बू घराण्याचा हे आपण लहानपणापासनं बघतोय.

आमच्या घरात एक मोडी कागद आहे. ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींनी तो वाचून दिला, त्यात पोळ्याला पाटलाच्या बैलामागं चौगुल्याचा बैल असं स्वच्छ लिहिलंय. दुसरा नंबर, पण लिहून दिलेला. तो पुसून वर राजे लिहिलं की पणजोबांनी ज्यासाठी आयुष्य घातलं तेच गेलं असं मला वाटतं.

म्हणून फोनवर न बोलता कागदाची झेरॉक्स घेऊन दुकानात गेलो. मालक आधी म्हणले की सगळ्यांना राजे सरदार आवडतं, म्हणून ते टेम्प्लेटमध्येच ठेवलंय, कुणी तक्रार करत नाही. पण कॉम्प्युटरवरचा मुलगा अक्कलकोटकडचा, त्यानं झेरॉक्स वाचली आणि म्हणला, काका, आमच्याकडं पाटलाला गौडा म्हणतात, आमच्या आज्जाचा पण पोळ्याला असाच मान होता. मग त्यानं स्वतः खुर्ची ओढून दिली, तासभर बसून सिंह काढले, तिथं बैलजोडी टाकली, खाली फक्त "चौगुले, मौजे" आणि गावाचं नाव, आणि मोडीतली ती एक ओळ जशीच्या तशी स्कॅन करून तळाला लावली. एवढं मन लावून काम करणारा मुलगा आहे तो, त्याच्यासाठी एक स्टार वेगळा द्यायला पाहिजे.

दुरुस्तीचे 300 जास्त घेतले, ते मला पटलं नाही कारण चूक त्यांची होती. डिलिव्हरी पण सहा दिवस उशिरा, वाढदिवसाच्या दिवशी सकाळी मीच जाऊन आणली. लाकूड आणि प्रिंट मात्र एक नंबर, बारीक नावंसुद्धा अप्पांना चष्म्याशिवाय वाचता आली. काच साधी देतात, खिडकीसमोर लावली की चमकते, मॅट काच मागून घ्या.

जाणार असाल तर घरातलं जे काही असेल, सातबारा, जुना फेरफार, मोडी कागद, ते सोबत न्या आणि पदाचा शब्द स्वतःच्या हातानं लिहून द्या. देशमुख असाल तर देशमुख, बलुतेदार असाल तर तुमचं बलुतं, आणि उपरी म्हणून गावात येऊन जमीन कसलेली असेल तर तेही लिहा.

अप्पांनी फ्रेम हातात घेतली, नावांवर नजर फिरवली आणि तळाच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं हे काय लिहिलंय. वाचून दाखवल्यावर म्हणले, मी सात आठ वर्षांचा असेपर्यंत आपला बैल दुसराच उभा राहायचा, दावं माझ्या हातात असायचं.