दहा महिने गळ्यात दुर्बीण: अंगकोर, इस्तंबूल, रोम आणि आपलं मार्कंडा

गेल्या दिवाळीच्या आधी ही ८×३२ ची दुर्बीण घेतली आणि आता पोळा तोंडावर आला, म्हणजे दहा महिने झालेच. घेतली तेव्हा लिहिणार होते पण म्हटलं नको, डब्यातून काढल्या काढल्या सगळंच छान वाटते, जरा वापरून होऊ दे. आता पाच देशांचा प्रवास झाला (त्यातल्या एका देशात ती घरीच ठेवून गेलो, ते पुढे सांगते), आपल्या विदर्भातही फिरवली, उन्हात तापली, पावसात भिजली, म्हणून आता लिहून राहिले.

पक्षी पाहायला नाही घेतली हे आधीच सांगते, कारण दुकानात पण त्यांना वाटलं की मी गोरेवाड्याला जाते पक्ष्यांसाठी. मला हवी होती जुन्या इमारती, देवळं, खांब पाहायला. झालं असं की बँकेतून रिटायर झाल्यावर आम्ही दोघं पहिल्यांदा खजुराहोला गेलो, कंदारिया महादेवाचं शिखर ३० मीटरच्या वर, आतबाहेर मिळून ८०० च्या वर मूर्ती, आणि गाईड सांगून राहिला की मॅडम वर पहा, तिसऱ्या रांगेत पहा, आणि मी मान मागे टाकून पाहते तर काय, दगडाचे उंचवटे दिसतात फक्त. खालची रांग दिसली, वरचं सगळं गाईडच्या शब्दावर मानून घ्यायचं. हॉटेलवर आल्यावर फार वाईट वाटलं मला. इतक्या लांबून जायचं, एवढे पैसे घालायचे आणि कारागिरानं जे केलं त्यातलं पाव पण नाही पाहायचं. तेव्हाच ठरवलं की पुढच्या प्रवासाआधी दुर्बीण.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण बजेट प्रत्येकाचं वेगळं, नंबर समजून घ्या, ते जास्त कामाचं आहे. ८ म्हणजे आठपट जवळ, ३२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमधे. ३२ ला ८ ने भागा, ४ येतात, तेवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा गोल तुमच्या डोळ्यात जातो. आता ती खिशात मावणारी १०×२५ वाली घ्या, तिथे अडीच मिलिमीटरच येतो. बाहेर उन्हात फरक कळत नाही, पण गाभाऱ्यात, चर्चमधे, मशिदीत जिथे उजेड कमी तिथे लगेच चित्र काळपट होते. माझ्या नणंदेकडे तीच छोटी आहे, आम्ही दोन्ही बाजूबाजूला धरून पाहिल्या म्हणून सांगते. आणि दहापट घ्यावी की आठपट, तर आठच घ्या, साठीच्या जवळ आलेल्या माणसाचा हात दहापटीला स्थिर राहत नाही, मूर्ती डोळ्यासमोर नाचते. वजन माझीचं अर्धा किलोच्या आसपास. ४२ वाली उजेडाला अजून चांगली पण ती दिवसभर गळ्यात घेऊन फिरणं नाही होत.

यांना चष्मा आहे, त्यामुळे आय रिलीफ (म्हणजे मागच्या भिंगापासून डोळा किती लांब ठेवता येतो ते अंतर) पाहून घेतली, १६ मिलिमीटरची आहे. चष्मा लावणाऱ्यांनी १५ च्या खाली जाऊ नका, नाहीतर मधला गोलच दिसतो आणि कडेचं कापल्या जाते. आयकप (डोळ्याला टेकणारी रबराची कड) खाली फिरवायचा आणि चष्म्यासकट लावायची, यांना पहिल्यांदा जमलं नाही, मग जमलं.

पहिला प्रवास कंबोडियाचा, नोव्हेंबरमधे. अंगकोरच्या देवळांचा तीन दिवसांचा पास ६२ डॉलरचा घेतला (एका दिवसाचा ३७, म्हणून तीन दिवसांचाच परवडते). आता अंगकोर वाटमधे समुद्रमंथनाचा जो पट्टा आहे ४९ मीटरचा, तो समोर भिंतीवरच आहे, तिथे दुर्बीण लागत नाही, चालत चालत पाहायचं. पण बांते स्रेईला खरी कळली हिची किंमत. हे देऊळ इसवी सन ९६७ चं, गुलाबी वालुकाश्म, आकारानं लहानसंच, पण मधल्या भागात आता जाऊ देत नाहीत, दोरी लावली आहे, आणि सगळ्यात बारीक काम नेमकं दोरीच्या आत. लोक दोरीपाशी येतात, फोटो काढतात, जातात. मी दुर्बीण लावली आणि मला रावण दिसला, कैलास हलवून राहिला, डोक्यांची नुसती उतरंड, वर शंकर बसलेला आणि पार्वती त्याला बिलगलेली, आणि मधे घाबरून पळणारे प्राणी! आपल्या वेरूळच्या कैलासातही हाच प्रसंग आहे, दगडात, आणि इथे इतक्या लांब, तोच प्रसंग, तीच भीती पार्वतीच्या अंगात. माझ्या डोळ्यात पाणी आलं खरंच. मग दुसरीकडे खांडववन, वरून पाऊस पाडणारा इंद्र, पावसाच्या तिरप्या रेघा सुद्धा कोरल्या आहेत. नुसत्या डोळ्यानं ती नक्षी वाटते. आम्ही त्या लहानशा देवळात तीन तास होतो, आमचा टुकटुकवाला दोनदा येऊन पाहून गेला की हे लोक ठीक आहेत न.

अंगकोरजवळच्या सिएम रीप गावात, जिथे आम्ही उतरलो होतो, एक त्रास झाला तो लिहून ठेवते. एसीच्या खोलीतून सकाळी बाहेर काढली की भिंगावर लगेच वाफ. आत नाही, आतमधे नायट्रोजन भरलेला आहे म्हणतात आणि आतून एकदाही धुकं नाही आलं, पण बाहेरून येतेच. पदरानं पुसू नका, चरे पडतात. बॅगेतच ठेवून दहा-पंधरा मिनिटं बाहेरच्या हवेवर येऊ द्यायची, मग काढायची.

जानेवारीत आम्ही मार्कंड्याला गेलो. गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शीकडे, वैनगंगेच्या काठावर. आपल्या नागपूरच्या कितीतरी लोकांनी अंगकोर पाहिलं असेल पण मार्कंडा नाही पाहिलं, आम्ही पण त्यातलेच होतो. भिंतीवर मूर्तींच्या रांगांवर रांगा, दुरुस्तीचं काम बरीच वर्षं चाललंय त्यामुळे काही भाग झाकलेला, पण जे उघडं आहे ते पाहायला सुद्धा दिवस पुरत नाही. मी पाहून राहिले होते तर एक आजी आल्या, हातात बेलाची पानं, म्हणाल्या, "का पाहून राहिल्या जी बाई येवढं?" मी दुर्बीण त्यांच्या डोळ्याला लावून दिली. थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "हिच्या पायात तं पैंजन हाय." लहानपणापासून येतात त्या या देवळात, दर महाशिवरात्रीला जत्रेत, आणि ते पैंजण त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. नंतर त्यांनी आपल्या नातवाला हाक मारून बोलावलं आणि त्यालाही दाखवायला लावलं. दहा महिन्यांतला माझा सगळ्यात आवडता दिवस हाच.

फेब्रुवारीत इजिप्त. इथे दुर्बीण नेली नाही. टूरवाल्यांनी सांगितलं की तिथल्या कस्टममधे दुर्बीण काढून घेऊ शकतात, आधीच्या एका ग्रुपमधे झालं होतं म्हणे, म्हणून धोका नको असं ठरवून कपाटात ठेवून गेलो. जाणाऱ्यांनी आधी चौकशी करूनच न्या. पण कर्नाकच्या देवळातल्या त्या मोठ्या सभामंडपात १३४ खांब, मधले बारा तर २१ मीटरच्या आसपास, आणि वर जिथे ऊन पोचलं नाही तिथे तुळयांच्या खालच्या बाजूला तीन हजार वर्षांपूर्वीचा रंग अजून टिकून आहे, निळा, लाल, पिवळा. मला तो ठिपक्यांसारखा दिसला. भाचा सोबत होता, म्हणाला मामी फोननी झूम करा न, केलं. फोनचा झूम सावलीत गेला की चित्र लोण्यासारखं होऊन जाते, चित्रलिपीतला पक्षी आहे की साप आहे ते पण कळत नाही. आणि मुख्य म्हणजे फोनमधे आपण काढतो आणि पुढे जातो, पाहत नाही. दुर्बीणीत दोन्ही डोळ्यांनी दिसते, खोली कळते, दगड किती आत कोरला ते कळते. "फोन आहे न, मग काऊन घ्यायची" असं मला बऱ्याच जणांनी विचारलं, त्यांना माझं हेच उत्तर.

एप्रिल-मे मधे मोठा प्रवास, नागपूरहून दोहा, तिथून इस्तंबूल, मग अथेन्स, मग रोम. विमानतळावर केबिन बॅगेतच ठेवली, एक-दोनदा काढून दाखवायला लावली, बाकी काही नाही.

इस्तंबूलच्या आया सोफियात (आधी चर्च होतं, आता मशीद आहे) पर्यटकांना आता वरच्या सज्जातूनच पाहता येते, खाली नमाजाची जागा आहे. तिकीट २५ यूरो, महाग आहे, पण दुर्बीण असेल तर सज्जा म्हणजे उलट चांगली जागा, कारण घुमट तुमच्या जवळ येतो. ५३२ ते ५३७, पाच वर्षांत बांधलं हे सगळं, घुमट जमिनीपासून ५५ मीटरवर. घुमटाखालच्या चार कोपऱ्यात सहा पंखांचे देवदूत आहेत, तिघांची तोंडं धातूच्या झाकणाखाली आहेत आणि एकाचं २००९ मधे उघडलं. ते तोंड मी पाहिलं, तरुण मुलासारखं, जरा थकलेलं. आणि दक्षिणेकडच्या सज्जात सम्राज्ञी झोईचं मोझेक (रंगीत तुकडे जोडून केलेलं चित्र) आहे, त्यात तिच्या नवऱ्याचं डोकं नंतर बदललेलं आहे, नवरा बदलला म्हणून! माझी दुर्बीण दोन मीटरपर्यंत फोकस होते त्यामुळे डोक्याच्या भोवतीचे चौकोनी तुकडे बाकीच्या ओळीत बसत नाहीत हे दिसलं, नावाच्या अक्षरांची पण गर्दी झालेली दिसते. हे जवळचं फोकस विकत घेताना विचारून घ्या, काही दुर्बिणींना चार-पाच मीटरच्या अलीकडे दिसतच नाही.

अथेन्सला फारशी लागली नाही. अॅक्रोपोलिस म्युझियममधे सगळं डोळ्यासमोर लावलेलं आहे, आणि पार्थेनॉन देवळाच्या १६० मीटरच्या कोरीव पट्ट्यातला मोठा भाग तर लंडनला ब्रिटिश म्युझियममधेच आहे.

रोमचं मात्र लिहायलाच पाहिजे. रोमन सम्राट ट्रेजनचा विजयस्तंभ, इसवी सन ११३ चा, पायथा सोडून ३० मीटर उंच, त्याच्याभोवती खालून वर गोल गोल २३ वेढे घेत जाणारी कोरीव पट्टी, जवळजवळ २०० मीटर लांब आणि त्यात अडीच हजारांच्या वर माणसं. तिकीट नाही काही नाही, रस्त्याच्या कठड्यावरून दिसतो. लोक कोलोसियमकडे जाता जाता एक फोटो काढतात. आम्ही दोन सकाळी तिथेच काढल्या. खाली डॅन्यूब नदीचा देव पाण्यातून वर आलेला, दाढीवाला, आणि त्याच्यासमोरून सैन्य होड्यांच्या पुलावरून चाललंय. त्याच्या वर झाडं तोडणारे सैनिक, किल्ल्याच्या भिंती बांधणारे, जखमी सैनिकाच्या मांडीला पट्टी बांधणारा माणूस. युद्धाची गोष्ट आहे पण बराच वेळ लोक बांधकामच करून राहिले, हे मला कोणत्याच गाईडनं सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी डेसिबलस शोधला, ज्या डेशियन लोकांशी युद्ध झालं त्यांचा राजा. तो पार वरच्या वेढ्यांत आहे. स्तंभाला फेऱ्या मारल्या, दोनदा चुकले, मग एक झाड दिसलं, झाडाखाली गुडघ्यावर आलेला माणूस, हातातली वाकडी सुरी गळ्याकडे नेलेली आणि रोमन घोडेस्वार त्याला पकडायला हात पुढे करून. पकडल्या जाण्याआधी त्यानं जीव दिला, इसवी सन १०६. रोमन लोकांनी आपल्या विजयाच्या खांबावर शत्रूचा हा क्षण इतक्या मनापासून कोरला आणि तो इतक्या उंचावर ठेवला की खालून कोणालाच दिसू नये. तेव्हा आजूबाजूला ग्रंथालयं होती, त्यांच्या गच्चीवरून लोक पाहत असतील असं काही अभ्यासक मानतात. पण मला वाटते त्या कारागिराला माहीत होतं की कोणी पाहणार नाही, आणि तरी त्यानं नीट केलं.

आता तक्रारी. उजव्या डोळ्याची जी डायॉप्टरची रिंग असते (दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक जुळवायची) ती फारच सैल आहे, बॅगेत घासून फिरते आणि मग एका डोळ्याला अस्पष्ट दिसते, पहिले दोन महिने मला वाटलं डोळ्याचा नंबर वाढला. शेवटी बरोबर जागेवर नेलपॉलिशची खूण केली, आता काढली की आधी खूण जुळवते. सोबत आलेला पट्टा अगदी बारीक, मानेला काचतो, मी छातीवर बसणारा हार्नेस घेतला, त्यानं मान वाचली. आणि नवतपात चूक माझ्याकडून झाली, गाडीच्या डॅशबोर्डवर दुपारभर राहिली, आपल्याकडचं ४५ अंशाचं ऊन, बाहेरचं रबर चिकट झालं आणि एक आयकप आता वरच्या खाचेत थांबत नाही. जिथून घेतली तिथे फोन केला, सहा वेळा, दरवेळी वेगळा माणूस आणि दरवेळी पहिल्यापासून सांगा, अजून पार्ट आला नाही. भिंगं मात्र पहिल्या दिवशीसारखीच स्वच्छ आहेत, दोन्ही डोळ्यांचं चित्र अजूनही बरोबर एकावर एक बसते, आणि माझ्यासाठी मुख्य तेच आहे.

११ हजारांच्या आसपास पडली. एका माणसाच्या विमानाच्या तिकिटापुढे ही रक्कम लहान आहे, आणि त्या तिकिटानं जे पाहायला जातो ते हिच्यानं दिसते, म्हणून मला महाग नाही वाटली. दोघांत एक पुरत नाही पण, हे लक्षात ठेवा. "दे न आता", "थांबा, एवढं पाहू द्या" असं रोज होते. डिसेंबरमधे इंडोनेशियात बोरोबुदुरला जायचं आहे, त्याआधी यांच्यासाठी दुसरी ८×३२ घेणार, आणि या वेळी दुकानात रिंग फिरवून पाहूनच.