शहागंजातलं रेकॉर्ड प्लेअर दुरुस्तीचं दुकान : हात सोन्याचा, वायदा खोटा

दुकानाला पाटी नाही, त्यामुळं नाव सांगायचा प्रश्नच नाही. संभाजीनगरात शहागंजच्या घड्याळाकडून सिटी चौकाकडं निघालं की मधल्या एका बोळात आहे. "टेपवाले उस्ताद कुठं बसतात?" एवढं विचारा, चपलांच्या दुकानातला पोरगा मान वर न करता हातानं दाखवतो. गाडी लावायला जागा नाही. मी सिडकोतून शेअर रिक्षानं जातो, प्लेअर मांडीवर घेऊन. रिक्षावाला दोन माणसांचे पैसे घेतो, तेवढं धरून चला.

आधी कामाचं. माझा प्लेअर जुना, पेटीतला. परभणीला नोकरीत असताना एका घर आवरणाऱ्या माणसाकडून घेतलेला. मी एसटीच्या वर्कशॉपमधला इलेक्ट्रिशियन, रिटायर होऊन पोराकडं संभाजीनगरात आलो, सोबत ही पेटी आणि साठेक रेकॉर्डी. उस्तादांनी पेटी बघितली आणि म्हणाले, "आठ दिन." लागले छत्तीस दिवस. मधल्या काळात मी चार चकरा मारल्या. दर वेळी "कल आओ" म्हणाले आणि चहा पाजला. पावती देत नाहीत. फोन उचलत नाहीत. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं हे मला दुसऱ्या चकरेला, उन्हात कुलपासमोर उभं राहून कळलं. सर्व्हिसिंगचे साडेसहाशे आणि सुईचे साडेतीनशे, असे एकूण हजार रुपये. काम मात्र असं, की मी चाळीस वर्षं पान्हा हातात धरलेला माणूस, मला त्यात काढायला खोट सापडली नाही.

उलट माझीच सापडली. ती सांगतो, कारण सगळी गंमत तिथंच आहे.

उस्तादांनी पेटीची रेकॉर्ड ठेवायची तबकडी उचलली, मोटरच्या पितळी पुलीकडं बघितलं आणि चष्म्यावरून माझ्याकडं. पुलीवर चिकटपट्टीचे दोन वेढे होते. मीच घातलेले. वीस-बावीस वर्षांपूर्वी प्लेअर हळू फिरायला लागला होता, गाणं रडल्यासारखं यायचं. तेव्हा मी हुशारी केली : पुली जाड केली की तबकडी जोरात फिरणार. फिरली. खरं दुखणं मोटरचा दांडा ज्यात फिरतो त्या बुशातलं वाळलेलं तेल हे होतं. दोन थेंबांचं काम, आणि मी पट्टी चिकटवून बसलो. गाडीचा ब्रेक घासतो म्हणून ॲक्सिलेटर जास्त दाबावा, तसलं ते. वर्कशॉपमध्ये एखाद्या हेल्परनं असं केलं असतं तर मी त्याला दिवसभर ऐकवलं असतं.

"कितने साल से ऐसा सुन रहे?" उस्तादांनी विचारलं. मी आकडा कमी करून सांगितला.

मग त्यांनी वेग तपासायची एक गोल कागदी चकती काढली, काठाला काळ्या रेघा मारलेली. दुकानात सगळीकडं एलईडी आहे, पण कामाच्या टेबलावर एक जुनी चोकवाली ट्यूब मुद्दाम ठेवलेली आहे, दोन्ही टोकांना काळी पडलेली. आपली वीज सेकंदाला 50 सायकलची, म्हणून असली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. डोळ्याला कळत नाही, पण फिरणाऱ्या रेघांना कळतं. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या वेगासाठी चकतीवर 180 रेघा असतात. वेग बरोबर असला की दर लुकलुकीला मागची रेघ बरोबर पुढच्या रेघेच्या जागेवर येते आणि चकती फिरत असून रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. माझ्या प्लेअरवर रेघा पुढं पळत होत्या, पहिल्या पावसात मुंग्या निघाव्यात तशा. उस्तादांनी तबकडीवर कागदाचा कपटा ठेवला आणि घड्याळ लावून मला फेरे मोजायला लावले. मिनिटाला पस्तीस आणि वर थोडं. हार्मोनियमवाल्या माणसाला विचारा म्हणजे काय ते : काळी एकमधलं गाणं पांढरी दोनमध्ये, म्हणजे अर्धा सूर वर गेलेलं. आणि तेवढंच घाईत.

आता दुकानाचा दुसरा भाग. रविवारी चारनंतर तिथं दुरुस्ती होत नाही, भांडण होतं. चार स्टुलं आहेत, त्यातलं एक डुगडुगतं, ते नव्या माणसाला देतात. जालन्याकडचे एक निवृत्त गुरुजी येतात, एक बँकवाले काका, एक इंजिनिअरिंगचा पोरगा, आणि आता मी. मी गेलो त्या पहिल्या रविवारपासून विषय एकच चालू आहे, शंकर-जयकिशन ही सिनेमाच्या संगीतकारांची जोडी : जयकिशन गेल्यावर शंकर संपला का?

गुरुजींचं म्हणणं, संपला. 1949 च्या 'बरसात'पासून सुरू झालं ते 12 सप्टेंबर 1971 ला जयकिशनसोबत चितेवर गेलं, मागं उरली ती पाटी. राज कपूरसारखा घरचा माणूस 1973 ला 'बॉबी'साठी लक्ष्मीकांत-प्यारेलालकडं गेला, यापरता पुरावा काय पाहिजे? वर ते 'बेईमान' काढतात. 1972 चा सिनेमा, त्याच्या संगीताला फिल्मफेअर मिळालं, आणि त्याच वर्षीचा 'पाकीजा' बाजूला राहिला. 'पाकीजा'चे संगीतकार गुलाम मोहम्मद तर 1968 लाच वारलेले. प्राणला 'बेईमान'साठीच सहाय्यक अभिनेत्याचं बक्षीस जाहीर झालं होतं, ते त्यानं या कारणावरून नाकारलं. गुरुजी हा प्रसंग असा सांगतात, जणू समारंभाला पहिल्या रांगेत बसले होते.

बँकवाले काका विरुद्ध पार्टीचे. त्यांचं हत्यार 'संन्यासी', 1975. लता-मुकेशचं 'चल संन्यासी मंदिर में' त्या काळी लाउडस्पीकरवर किती वाजलं हे आमच्या वयाच्या कुणालाही सांगायला नको. काका म्हणतात, माणूस संपला असता तर चार वर्षांनी एवढं चाललेलं गाणं कुठून आणलं? गुरुजी म्हणतात, चाललं म्हणजे चांगलं झालं का, गुटखा पण चालतो. इथं आवाज वाढतात. बोळातले लोक डोकावून जातात.

उस्ताद यात पडत नाहीत. त्यांना शंकरचं वेगळंच कौतुक आहे. शंकर उमेदीच्या वयात हैदराबादेत होते. 'रमैया वस्तावैया'मधली तेलुगू तिकडूनच आली. आणि 1948 पर्यंत आपण सगळे निजामाच्याच राज्यात, म्हणून उस्तादांच्या हिशेबानं ते "अपने तरफ के". जयकिशन गुजरातेतले, त्यांच्याबद्दल ते आदरानं बोलतात, पण पाहुण्याबद्दल बोलावं तसं. भांडण फार चढलं की एकच वाक्य : "कायकू झगड्यां करते? पहले सुनो." आणि रेकॉर्ड लावतात. नियम असा की सुई उचलेपर्यंत कुणी बोलायचं नाही. पूर्ण बाजू ऐकायची, आवडो न आवडो. मला वाटतं या दुकानाची खरी सर्व्हिस ही आहे. हजार रुपये नुसते प्लेअरचे.

मी इतकी वर्षं गुरुजींच्या पार्टीत होतो. माझं मत पक्कं होतं की उतरत्या काळातला शंकर घायकुतीला आलेला, ऱ्हिदम पळतंय, वाद्यं किंचाळतायत, गायिका लहान पोरीसारख्या. हे मी परभणीच्या कँटीनमध्ये किती जणांना ऐकवलं असेल. दुरुस्त झालेला प्लेअर घ्यायला गेलो त्या रविवारी पिशवीत 'रेशम की डोरी'ची ईपी, म्हणजे लहान रेकॉर्ड होती. 1974 चा सिनेमा, इंदीवरचे शब्द, सुमन कल्याणपूरचं 'बहना ने भाई की कलाई से'. राखीपौर्णिमेला अजून रेडिओवर लागतं. आधी उस्तादांनी ट्यूबखाली चकती दाखवली. रेघा उभ्या. एकसुद्धा हलत नव्हती. मग ईपी.

सुमनताईंचा आवाज आला आणि मी स्टुलावर सरळ बसलो. माझ्या घरी या गाण्यात एक चुणचुणीत पोरगी होती. इथं एक बाई होती, थोडी थकलेली, कुठल्या तरी ओसरीवर उभी. ओळ संपते तिथं श्वास आहे, आणि त्या श्वासाला जागा सोडलेली आहे. घाई नाही. ऱ्हिदमही पळत नाही, सोबत चालतंय. हे गाणं मी शंभर वेळा वाजवलं असेल, ती जागा मला माहीतच नव्हती, कारण माझ्या पट्टीनं ती खाऊन टाकली होती. मला जरा वरमल्यासारखं झालं. चिकटपट्टीची गोष्ट मी तिथंच सगळ्यांसमोर सांगून टाकली.

बँकवाले काका टाळी द्यायला पुढं आले. गुरुजी मात्र गुरुजी. "काय सांगायलात वर्कशॉपवाले? पट्टी होती तर तुमची जुनी गाणी पण पळतच असतील की. 'बरसात' कसं नाही बिघडलं?"

प्रश्न रास्त आहे. पण जुनं शंकर-जयकिशन माझ्याकडं रेकॉर्डवर नव्हतंच, परवडायचं नाही. ते मी रेडिओवर ऐकलेलं, योग्य वेगात. रेकॉर्डी घेतल्या त्या जाफरगेटच्या रविवारच्या बाजारातून, इथं बहिणीकडं यायचो तेव्हा, आणि तिथं स्वस्तात मिळायची ती सत्तरीतलीच. म्हणजे चांगला काळ रेडिओनं बरोबर ऐकवला आणि उतरता काळ मी स्वतः बिघडवून ऐकला. भावाचा फरक अजून तसाच आहे. उस्तादांच्या रॅकवर 'आवारा', 'श्री 420'च्या एलपी, म्हणजे मोठ्या रेकॉर्डी, हातात घेतल्या तर ते हजाराच्या पुढं बोलतात, आणि 1971 नंतरची रास खाली खोक्यात, ईपी शंभराला. रेकॉर्डी धुऊन ठेवतात, चरा असेल तर स्वतःहून दाखवतात. हे मी दुसरीकडं पाहिलं नाही.

आता, पट्टी काढली म्हणून सगळंच सोनं झालं असं नाही. नंतरचे दोन रविवार मी खोकंच्या खोकं ऐकलं. बरंचसं साधारण आहे, काही तर कंटाळवाणं. 'जय बोलो बेईमान की' कितीही वेगानं लावा, माझ्यासाठी ते पोस्टरच राहतं. मुकेशला आणि गीतकार वर्मा मलिकला त्याच गाण्यानं फिल्मफेअर दिलं, तरी. पण 'लाल पत्थर'मधलं आशाचं 'सूनी सूनी साँस के सितार पर' लागलं तेव्हा गुरुजींनीही तपकिरीची डबी बंद केली. अर्थात ते लगेच म्हणाले, हा सिनेमा 1971 चा, ही चाल जयकिशनची नसेल कशावरून? हे भांडण मिटणारं नाही, कारण नाव दोघांचं एकत्र लागायचं आणि शंकरनं ते 1987 ला स्वतः जाईपर्यंत एकत्रच ठेवलं. एकट्याचं नाव लावायला काय हरकत होती? नाही लावलं.

मला या सगळ्यात जे पटलं ते इंजिनिअरिंगच्या पोराच्या तोंडून आलं, जो मोबाइलमधून डोकं काढत नाही असं आम्ही समजायचो. तो म्हणाला, "काका, गीतकार शैलेंद्र 66 ला गेले, जयकिशन 71 ला, मुकेश 76 ला. एवढी माणसं गेल्यावर कुणाचंही गाणं बदलणारच की. तुम्ही त्याला संपला म्हणायलात." काका, गुरुजी आणि मी तिघंही गप्प. त्यात भर घालायला माझ्याकडं एकच होतं. शंकर-जयकिशनच्या ठेक्याचा माणूस दत्ताराम, तोही 1957 पासून स्वतःचे सिनेमे करायला लागला होता. शंकरनं पुढची वर्षं ज्यांच्यासोबत काढली ते वादक वेगळे, काळ वेगळा, आणि बाहेर किशोरकुमार आणि राहुलदेव बर्मनचा पूर आलेला. त्या पुरात 'बहना ने' तरलं, हे मला आज तरी कमी वाटत नाही. पुढच्या रविवारी गुरुजी माझं मत परत फिरवतीलही.

दुकानात काय सुधारावं? पावती द्यावी. वायदा आठ दिवसांचा देऊ नये, सरळ महिना सांगावा, माणूस निवांत राहतो. डुगडुगतं स्टूल बदलावं. पैसे रोख ठेवा, ऑनलाइनचा कागद चिकटवलेला आहे पण तो बहुतेक भाच्याच्या खात्याचा आहे आणि भाचा कधी जागेवर नसतो. चहा बाहेरून येतो, कडक आणि गोड, शुगरवाल्यांनी आधी सांगावं. कॅसेट डेकही करतात, पण त्याचे रबरी पट्टे मिळायला वेळ लागतो असं त्यांनी स्वतःच सांगितलं. पाचपैकी चार देतो. एक कापला तो छत्तीस दिवसांचा.

आणि जाणाऱ्यानं आपली रेकॉर्ड नाव घालून न्यावी. राखीला जिंतूरला बहिणीकडं जायचंय, तिला ऐकवतो, म्हणून गुरुजी माझी 'रेशम की डोरी' घेऊन गेले. दिवाळी आली. विचारलं की म्हणतात, "अहो, अजून एकदा ऐकून खात्री करायलोय, जयकिशनची आहे का ते."