ॲमस्टरडॅमचं ट्युलिप म्युझियम, छोटंसं पण नाद खुळा
कोल्हापुरातनं युरोप टूरला जाणाऱ्यांनी हे बघाच. ॲन फ्रँक हाऊससमोर कॅनालच्या पलीकडं, वर दुकान खाली म्युझियम, तासाभरात निवांत बघून होतंय. ट्युलिप म्हंजे हॉलंड असं सगळे म्हणतात पण हे मूळचं मध्य आशियातल्या डोंगरातलं, तिथनं तुर्की सुलतानांच्या बागेत, मग १५९३ ला क्लुसियस नावाच्या वनस्पतीतज्ज्ञानं हॉलंडातल्या लायडनला कंद लावले. खरी मजा ट्युलिप मॅनियाच्या, म्हंजे कंदांच्या सट्ट्याच्या वेडाच्या भागात आहे राव, आपल्या मार्केट यार्डात गुळाचा सौदा माल बघून तरी होतोय, तिथं कंद अजून जमिनीत आणि गुत्त्यात बसून नुसत्या कागदावर खरेदी-विक्री, शेवटी फेब्रुवारी १६३७ ला भाव धाडकन पडले! आणि ज्या पट्ट्यापट्ट्याच्या फुलांवर लोक पैसे उधळत होते त्या पट्ट्या व्हायरसमुळं, मावा ही कीड पसरवतीय तो रोग. आपल्याकडं फवारा मारून मोकळे झाले असते.
फुलांचे ताटवे बघायचे असतील तर मार्च-मे दरम्यान क्यूकेनहॉफच्या बागेत जावा, म्युझियम वर्षभर चालू असतंय. दुकानातले कंद मात्र घेऊ नका, त्यांना कडक थंडी लागते, आपल्या कुंडीत फारतर पानं येतील.