जिप्सीच्या टॅपेट कव्हरवर रिंकल पावडर कोटिंग: चौदा महिन्यांनंतर

गेल्या वर्षी मे महिन्यात माझ्या जिप्सीचं अॅल्युमिनियमचं टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरचं झाकण, काढून पावडर कोट करून घेतलं. यात रंगाची कोरडी पूड मारून ती भट्टीत वितळवून बसवतात. काळा रंग, रिंकल म्हणजे सुरकुत्यांचं फिनिश. सोबत बॅटरीचा ट्रे आणि अल्टरनेटरची पट्टी फाइन टेक्श्चरमध्ये केली. हा पोत हाताला बारीक पॉलिश पेपरसारखा लागतो. आता एक पूर्ण पावसाळा आणि दुसऱ्याची सुरुवात झाली. गाडी ११ हजार किलोमीटर फिरली, त्यात आंबोली-गगनबावड्याचे घाट आले आणि शेताची लाल माती तर रोजचीच.

त्याआधी घरीच स्प्रेच्या डब्यातला रिंकल पेंट मारला होता. यात वरचा थर आधी वाळतो, खालचा ओला राहतो आणि दुधावरची साय सुरकुतते तसा पृष्ठभाग सुरकुततो. म्हणून हात जाड द्यावे लागतात: एक आडवा, एक उभा, एक तिरका, मध्ये पाचेक मिनिटं. जिथे हात पातळ पडला तिथे सुरकुतीच आली नाही, नुसता मळकट काळा रंग. तरी दिसायला बरं होतं. पाच महिन्यांनी ब्रेक ऑइल भरताना फिटरच्या हातून चार थेंब पडले आणि तेवढ्या जागी रंग मऊ होऊन बोटाला आला. कव्हरखालच्या पॅकिंगच्या (गॅस्केटच्या) कडेलाही पापुद्रे सुटले होते. तेव्हाच भट्टीतलं काम करायचं ठरवलं.

पहिल्या ठिकाणी कामाचा पचका झाला. कव्हर डिझेलने धुतलं, थिनरने पुसलं आणि थेट पावडर मारून ओव्हनमध्ये टाकलं. बाहेर आलं ते अंगावर घामोळं उठल्यासारखं, सगळीकडे बारीक फोड आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं. कास्टिंगच्या छिद्रांत वर्षानुवर्षं मुरलेलं इंजिन ऑइल भट्टीच्या उष्णतेने बाहेर येतं आणि पावडर वितळत असतानाच तिला फोडून वर निघतं. त्यावर उपाय सोपा आहे: रंग काढलेलं कव्हर पावडर न मारता आधी रिकामंच भाजायचं, सुटलेलं तेल धुऊन काढायचं आणि मगच पावडर. तो रंग काढायला तिथला माणूस कव्हर कॉस्टिकच्या टाकीत टाकायला निघाला होता. मी हातातून ओढून घेतलं, कारण कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियम खातो. लोखंडाला चालतं ते इथे चालत नाही.

दुसरं काम उद्यमनगरमधल्या एका छोट्या शॉपमध्ये केलं. तिथल्या मामांनी कव्हर हातात घेऊन आधी उलटं केलं आणि आतल्या ब्रीदरच्या (इंजिनमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या वाटेच्या) पत्र्यावर बोट ठेवलं. "हे काढून आण, नाहीतर ब्लास्टिंग करणार नाही." ब्लास्टिंग म्हणजे जोरात रेतीचा मारा करून केलेली सफाई. मला त्या क्षणी कटकट वाटली, आज त्यांचे आभार मानतो. त्या पत्र्यामागे ब्लास्टिंगची रेती किंवा काचेचे मणी अडकले तर ते कितीही धुतलं तरी राहतात आणि गाडी सुरू झाली की ऑइलबरोबर थेट बेअरिंगमध्ये जातात. नुसत्या रंगापायी इंजिन उघडायची पाळी येते. रिव्हेट फोडून पत्रा काढला आणि नंतर पुन्हा बसवला. पॅकिंग बसते ती खाच आणि बोल्टची भोकं त्यांनी उष्णतेला टिकणारी हिरवी टेप आणि सिलिकॉनच्या बुचांनी झाकली. एक तास भाजणं, पुन्हा धुणं, मग पावडर आणि २०० अंशांची भट्टी.

रिंकल पावडरसाठी मात्र तीन आठवडे थांबावं लागलं. पावडर २०-२५ किलोच्या खोक्यात येते, एका कव्हरसाठी कोणी खोकं फोडत नाही. मोठ्या ऑर्डरमध्ये तो रंग लागला की त्यातच आपलं काम उरकतं.

आता टिकण्याचं. उष्णतेचा टॅपेट कव्हरला त्रासच नाही. तिथलं तापमान शंभरच्या आसपास खेळतं, पावडर त्याच्या दुप्पट तापलेली असते. इंजिनातला जळका धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर मात्र ही पावडर चुकूनही नको, जळून जाईल. तिथे सिरॅमिक कोटिंग किंवा सिलिकॉनचा हाय-टेम्परेचर पेंटच लागतो. पेट्रोल, ऑइल, स्पॅनर निसटून बसलेला एक टोला, सगळं कव्हरने सोसलं. बॅटरीच्या ट्रेवर अजून गंजाचा एक ठिपका नाही. इथे मामांनी इपॉक्सी-पॉलिएस्टर मिश्र पावडर वापरली. ती उन्हात पांढुरकी पडते, पण बॉनेटखाली ऊन कुठलं? आणि रसायनांना ती चांगली तोंड देते.

तक्रार एका ठिकाणी आहे आणि ती चूक माझीच. कव्हरवरची उठावाची अक्षरं घासून चकचकीत केली, वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, मारला नाही. पहिल्याच पावसाळ्यात उघड्या अॅल्युमिनियमवर पांढरी पूड धरली आणि ती अक्षरांच्या कडेने कोटिंगखाली शिरायला लागलीय. नखाने उचललं तर कड सुटते. रिंकलला टचअप होत नाही, पॅच दिसतोच.

आणि धुणं! पोत निवडताना आपण फोटो बघतो, बघायला हवं ते धुणं. सुरकुत्यांत लाल माती आणि ऑइलची वाफ मिळून जो थर बसतो तो कापडाने निघतच नाही. जुना मऊ टूथब्रश आणि भांडी घासायच्या लिक्विडचं पाणी, असा दर महिन्याला अर्धा तास जातो. फाइन टेक्श्चरचा ट्रे मात्र ओल्या फडक्याच्या एका हातात साफ. माझ्यासारखं कच्च्या रस्त्यावर चालवणार असाल तर मी सरळ फाइन टेक्श्चर सुचवेन. शहरात फिरणारी, बॉनेट उघडून दाखवायची हौस असलेली गाडी असेल तर रिंकल घ्या, त्याच्यासारखा रुबाब दुसऱ्याला नाही. फेरारीच्या टेस्टा रोसाचं नावच मुळी लाल रंगवलेल्या कॅम कव्हरवरून (तेही इंजिनच्या माथ्यावरचंच झाकण) पडलं, होंडाच्या टाइप आर गाड्यांचं लाल रिंकल कव्हर तर शौकिनांना पाठ असतं. मलाही लालच हवा होता. काळा घेतला तो डाग लपावेत म्हणून, आणि त्याचं समाधान आहे.

खर्च ब्लास्टिंग धरून तिन्ही वस्तूंचा २,२०० रुपये आला, पॅकिंग वेगळी. पुढचा नंबर इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डचा, फाइन टेक्श्चरमध्ये. दिवाळीनंतर मामांकडे देणार आहे. कव्हरही तेव्हाच पुन्हा काढून अक्षरांचं काम नीट करून घेईन.