पोस्टडॉकनंतर फॅकल्टी की इंडस्ट्री? (आढावा थोडा एकतर्फी आहे)

पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची ठरावीक मुदतीची संशोधनाची नोकरी, संपत आली की हा घोळ सुरू होतोच. फॅकल्टी पोझिशनसाठी, म्हणजे प्राध्यापकाच्या जागेसाठी, भरतीची अजून एक फेरी थांबायचं की हातातली कंपनीची ऑफर घ्यायची. मी प्राध्यापक झालो नाही, पण दुसऱ्या पोस्टडॉकपर्यंत त्याच रांगेत उभा होतो आणि आता कंपनीत आहे, तेव्हा माझा कल कुठे असणार ते धरूनच पुढचं वाचा.

पैशाचं आधी उरकतो. कंपनीत जास्त मिळतात हे काय नवीन नाही. पण पोस्टडॉक करून गेलं की कंपनीत त्याचा पगार वाढवून मिळतो आणि सगळं भरून निघतं असं जे आपण धरून चालतो ना, ते तितकंसं खरं नाही. शुलामिट कान आणि डोना गिंथर या अर्थतज्ज्ञांनी 2017 मध्ये अमेरिकेतल्या बायोमेडिकल पीएचडीवाल्यांचा हिशोब मांडला होता, त्यात पोस्टडॉक केलेले पहिल्या 15 वर्षांच्या कमाईत 17 ते 21 टक्के मागे पडलेले दिसले. आवड म्हणून आणखी एक पोस्टडॉक करत असाल तर करा, पुढे पगारात वसूल होईल म्हणून करत असाल तर जरा विचार करा.

समाधानाचं मात्र इतकं सरळ नाही. कंपनीत माझा एक प्रोजेक्ट छान चालला होता, डेटा स्वच्छ, टीम खूश, आणि एका रिव्ह्यू मीटिंगनंतर बंद, का तर प्रोजेक्ट ज्या आजारावर होता तो आजारच कंपनीने यादीतून काढला. विज्ञान चुकलं म्हणून नाही. त्या दिवशी डबा तसाच परत नेला. फॅकल्टीला हे दुःख नाही, प्रश्न तुमचा, विद्यार्थी तुमचे, आणि शिकवायची हौस असेल तर कंपनीत त्याला पर्यायच नाही.

तरी माझ्यासाठी पारडं फिरलं ते पोस्टडॉकच्या काँट्रॅक्टच्या तारखेमुळे. एकेक वर्षाचं एक्स्टेन्शन, तेही पत्र हातात पडणार शेवटच्या आठवड्यात, तोपर्यंत पीआयला (लॅबच्या प्रमुखाला) विचारलं की ‘होईल होईल’. पगाराची काळजी असतेच, पण खरा त्रास वेगळाच होता. मला म्हातारपणात स्नायू का झिजतात ते बघायचं होतं. उंदीर म्हातारा धरायला तो 18 ते 24 महिन्यांचा व्हावा लागतो, आणि माझं काँट्रॅक्ट वर्षाचं, म्हणजे उंदीर म्हातारा व्हायच्या आत मीच लॅबमधून गेलेलो. वयस्क उंदीर विकत मिळतात, पण ते ग्रांटच्या बजेटमध्ये बसेनात. मग काय, तरुण उंदरांवर जमतील तेवढेच प्रश्न विचारत बसलो आणि त्याला सगळे अकॅडमिक फ्रीडम म्हणत होते! कंपनीत प्रश्न दुसरा कोणीतरी ठरवतो हे मान्य, पण तसं तोंडावर सांगतो, आणि एकदा हो म्हटलं की म्हातारे उंदीर पुढच्या महिन्यात हजर.

आता टेन्युअर ट्रॅक, म्हणजे पुढे कायम होऊ शकणारी प्राध्यापकाची जागा, हातात आली असेल तर माझं हे रडगाणं तुम्हाला निम्मंच लागू, कारण ग्रांटला तारीख असली तरी तुम्हाला स्वतःला लगेच नसते. आणि कंपनीतून परत फिरणं अवघड जातं हेही खरं, मधल्या वर्षांत पेपर नसले की सिलेक्शन कमिटी पहिला प्रश्न तोच विचारते.

ज्यांचं मन अर्धं-अर्धं आहे त्यांनी पेपर छापू देणाऱ्या कंपन्या बघाव्यात असं मला वाटतं. त्याचीही किंमत असते म्हणा, स्कॉट स्टर्न या अर्थतज्ज्ञाने पोस्टडॉक बायोलॉजिस्टना आलेल्या ऑफर्स 2004 च्या पेपरमध्ये ताडून बघितल्या तेव्हा संशोधनाची मोकळीक देणाऱ्या ऑफर्समध्ये पगार कमी होता. मी तो कमी पगार घेतला आणि अजून तरी खटकलेला नाही. फक्त पब्लिकेशनचं जे काही असेल ते सही करायच्या आधी लेखी घ्या, जॉइन झाल्यावर विचारलं की लीगलवाले एचआरकडे पाठवतात आणि एचआरवाले लीगलकडे.