नळाचं पाणी ‘काळं’ करून दाखवणाऱ्या एजंटांपासून सावध

माझ्या मावशीला 18,000 रुपयांना गंडवलं. ज्या युक्तीने गंडवलं ती अजून गल्लोगल्ली चालू आहे, म्हणून लिहितोय.

‘पाण्याची मोफत तपासणी’ म्हणत एक एजंट तिच्या पुण्यातल्या घरी आला. दोन ग्लास मांडले: एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याने आणलेलं आरओचं. दोन्हींत कांड्यांचं एक यंत्र बुडवून प्लग लावला. बघता बघता नळाचं पाणी पिवळं, मग हिरवट-तपकिरी झालं, वर काळपट साका आला. आरओचं जसंच्या तसं. “मावशी, हे रोज तुमच्या पोटात जातंय. किडनीचा विचार करा.” मावशीला मधुमेह. ती घाबरली आणि लगेच पैसे दिले.

तो साका पाण्यातला नसतोच, कांड्यांचा असतो. काही कांड्या लोखंडाच्या, काही ॲल्युमिनियमच्या. वीज वाहिली की लोखंड पाण्यात उतरतं आणि ऑक्सिजनशी संयोग होऊन गंजाच्या रंगाचा गाळ तयार होतो. पण वीज वाहायला पाण्यात क्षार हवेत. नळाच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे साधे क्षार असतात. आरओने ते काढलेले, म्हणून तिथे रंग येत नाही. कापड रंगवणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यातला रंग काढायला हीच क्रिया मुद्दाम वापरतात, तिला इलेक्ट्रोकोॲग्युलेशन म्हणतात. इतक्या कामाच्या शास्त्राने म्हाताऱ्या माणसांना धाक घालावा, याची मला खरोखर चीड येते.

एजंट मशीन बसवायला आला तेव्हा मी हजर होतो. म्हटलं, आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा लावा. तेही पिवळं पडलं. “मीठच खराब असेल,” म्हणाला. पैसे मात्र परत मिळाले नाहीत. पावतीवर बारीक अक्षरात तसं छापलेलं होतं.

आयएस 10500 या भारतीय मानकानुसार लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार चालतात. पुण्याला येणारं खडकवासला धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पावसाचं, त्यातले क्षार त्याहून बरेच खाली. अशा पाण्याला आरओची गरज नाही, वर बरंच पाणी मोरीत जातं ते वेगळं. बोअरचं पाणी असेल तर शंका रास्त आहे. पण जंतू, फ्लोराइड, आर्सेनिक त्या कांड्यांना कळत नाहीत. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागतो.

कुणी असं यंत्र घेऊन दारात आलं तर आधी मीठ टाकायला सांगा. पैसे गेलेच असतील तर पावती जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार नोंदवा. आम्ही नोंदवली आहे.